जगभरातलं संगीत ऑनलाइन शिकवायचंय? आधी आवाजाचं बघा

जगातल्या वेगवेगळ्या भागांतलं संगीत ऑनलाइन शिकवायचं ठरलं की बहुतेक शिक्षक आधी देशांची यादी करतात, मग स्लाइड्स, मग व्हिडिओच्या लिंका, आणि आपल्या माइकमधून समोरच्याला नक्की काय ऐकू जातंय हे बघायचं राहूनच जातं. माझं म्हणणं असं की आधी आवाज, मग बाकीचं सगळं. कारण व्हिडिओ कॉलची अॅप्स माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत, बोलणं सोडून जे काही सतत घुमतंय, खरखरतंय किंवा हळूहळू विरतंय ते त्यांना फालतू आवाज वाटतो आणि ती ते कापून टाकतात. आणि जगातल्या कितीतरी संगीतांमध्ये नेमका तोच आवाज महत्त्वाचा असतो.

झिंबाब्वेतल्या शोना लोकांचं म्बिरा घ्या. लाकडी पाटीवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या अंगठ्यांनी छेडायच्या, आणि त्याच पाटीवर शिंपले किंवा बाटलीची झाकणं मुद्दाम सैल लावलेली असतात म्हणजे प्रत्येक सुराबरोबर एक झिरझिर येते. ती झिरझिर त्या लोकांना हवी असते, तिच्याशिवाय वाद्य त्यांना उघडंबोडकं वाटतं. आता अॅपचं नॉइज सप्रेशन चालू असेल तर ते सगळ्यात आधी तिलाच गिळतं, आणि मुलांपर्यंत पोहोचतो एक गुळगुळीत टुणटुण आवाज. रशियातल्या तूवा भागातल्या आणि मंगोलियातल्या खूमेइ गायनात एकच माणूस खालचा एक सूर धरून ठेवतो आणि त्याच आवाजातून वरचे शिट्टीसारखे सूर काढतो, तो धरलेला सूर सॉफ्टवेअरला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. जपानच्या शाकुहाची या बांबूच्या बासरीतली फुंकेची हवा, इंडोनेशियातल्या जाव्हा बेटावरच्या मोठ्या गाँगचा कितीतरी वेळ विरत जाणारा नाद, सगळ्यांची तीच गत.

म्हणून पहिलं काम सेटिंगचं. झूम वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स हा पर्याय चालू करा, त्याखालचं हाय फिडेलिटी म्युझिक मोड टिक करा, इको कॅन्सलेशन बंद करा. आणि एवढं करून थांबू नका, मीटिंग सुरू झाल्यावर स्क्रीनवर ओरिजिनल साउंडचं वेगळं बटण येतं तेही चालू आहे ना बघा, नुसतं सेटिंगमध्ये टिक केलं म्हणजे झालं असं समजून बरेच जण इथेच फसतात. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येही हाय फिडेलिटी म्युझिक मोड आहे, गूगल मीटमध्ये निदान नॉइज कॅन्सलेशन बंद करता येतं. इको कॅन्सलेशन बंद केलं की हेडफोन लावायलाच लागतो नाहीतर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्ट्या वाजायला लागतात. शक्यतो वायरवाला हेडफोन घ्या, ब्लूटूथचा नको, ब्लूटूथमध्ये आवाज स्वतःच थोडा उशिरा येतो आणि तालाच्या कामात ते फार नडतं.

रेकॉर्डिंग ऐकवायचं असेल तर लॅपटॉपच्या स्पीकरसमोर माइक धरून ऐकवू नका. स्क्रीन शेअर करताना शेअर साउंडचा पर्याय टिक करा म्हणजे आवाज थेट जातो, आणि स्टीरिओचा पर्याय असेल तर तोही निवडा. मुलांनाही हेडफोन सांगा, कारण मोठ्या गाँगचे खालचे सूर फोनच्या छोट्या स्पीकरमधून येतच नाहीत, फक्त वरचा टणत्कार ऐकू येतो आणि मुलांना वाटतं गाँग म्हणजे थाळी.

तासाच्या आधी एक चाचणी घ्यायची सवय लावा. दुसऱ्या फोनवरून स्वतःच्याच मीटिंगमध्ये शिरा, घुमणारं काहीही वाजवा आणि नाद शेवटपर्यंत ऐकू येतो का मध्येच कापला जातो ते बघा. कापला जात असेल तर अजून कुठेतरी एखादं सेटिंग चालू राहिलंय, कधीकधी ते अॅपमध्ये नसतं, लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड सेटिंगमध्ये असतं.

एकत्र वाजवायचा हट्ट सोडा

हे लवकर मान्य केलं तर पुढचं सगळं सोपं जातं. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात, आणि माणसं साधारण तेवढ्याच उशिरापर्यंत एकमेकांबरोबर नीट ताल धरू शकतात. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये उशीर याच्या कितीतरी पट जास्त असतो, शिवाय तो सारखा कमीजास्त होत राहतो. त्यामुळे सगळ्यांचे माइक चालू करून एकत्र टाळ्या वाजवायला सांगितलं की गोंधळ होतो, लय हळूहळू खाली बसत जाते, कारण प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघत राहतो. यात मुलांची काहीच चूक नसते.

जॅमुलस, सोनोबस, जॅकट्रिप अशी खास अॅप्स आहेत जी हा उशीर खूप कमी करतात, पण त्यांना वायरने जोडलेलं इंटरनेट लागतं, बरा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) असेल तर फरक पडतो आणि दोघं एकमेकांपासून फार लांबही असून चालत नाही. मोठ्या वयाचे, सेटिंगशी झटापट करायची तयारी असलेले विद्यार्थी असतील तर जरूर करून बघा. शाळेच्या वर्गासाठी मी त्या वाटेला जायला सांगणार नाही, अर्धा तास तांत्रिक गोष्टींतच जातो.

त्याऐवजी एकतर्फी वाजवणं वापरा. शिक्षकाचा माइक चालू, बाकी सगळे म्यूट. शिक्षक वाजवतो आणि मुलं जे ऐकू येतंय त्याच्याबरोबर वाजवतात. प्रत्येक मुलाच्या घरात ताल बरोबर जुळलेला असतो, फक्त शिक्षकाला तो ऐकू येत नाही, आणि शिक्षकाने मुलांच्या हातांकडे बघून लय धरायची नाही कारण त्याला ते हात उशिरानेच दिसतात. दुसरी पद्धत सवाल-जवाबाची, शिक्षकाने एक ओळ वाजवायची, मग एका मुलाने माइक उघडून तीच परत वाजवायची. मधला उशीर इथे नडत नाही. आणि चांगली गोष्ट अशी की जगातल्या कितीतरी परंपरांमध्ये गुरूने दाखवायचं आणि शिष्याने परत करायचं हीच मूळ शिकवण्याची रीत आहे, कागदावरची स्वरलिपी नंतर आली किंवा आलीच नाही. म्हणजे आपण कामचलाऊ काहीतरी करतोय असं अजिबात वाटून घेऊ नका.

एक तास प्रत्यक्षात कसा घ्यायचा

घाना आणि टोगोमधल्या एवे लोकांचं ढोलवादन हे ऑनलाइनसाठी फार छान उदाहरण आहे, कारण त्याचा कणा एका लोखंडी घंटेत आहे. गांकोग्वी म्हणतात तिला, दोन तोंडं असतात, एक खालच्या सुराचं एक वरच्या. आग्बाजासारख्या नाचाच्या संगीतात ती घंटा एकच नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न बदलता वाजवते आणि बाकी सगळे ढोल तिच्याकडे कान लावून आपापलं वाजवतात.

बारापर्यंत सारख्या वेगाने मोजा आणि 1, 3, 5, 6, 8, 10, 12 वर टाळी वाजवा. झाला तो नमुना. ऐकायला सोपा वाटतो पण बारावरून परत एकवर येताना दोन टाळ्या लागोपाठ येतात तिथे हात अडखळतो. म्हणून आधी नुसतं तोंडाने म्हणून घ्या, टाळीच्या जागी टिन आणि रिकाम्या जागी मनातल्या मनात गप्प: टिन गप टिन गप टिन टिन गप टिन गप टिन गप टिन. शिक्षक म्हणतो, मुलं म्यूटमध्ये त्याच्याबरोबर म्हणतात, हे बराच वेळ चालू द्या, घाई नको. चारपाच आवर्तनांत येतंय असं वाटतं पण खरं बसायला त्याच्या कितीतरी पट लागतं.

मग उभं राहायला सांगा आणि पाय 1, 4, 7, 10 वर टाकायला सांगा. आता गंमत कळते. चार पावलांपैकी फक्त 1 आणि 10 घंटेबरोबर पडतात, 4 आणि 7 वर पाय जमिनीवर पण घंटा गप्प. इथे मुलं हसतात, पडतात, परत उभी राहतात, आणि एकदा ते अंगात आलं की चेहऱ्यावर कळतं. कॅमेरा मागे ठेवून पाय दिसतील असं बघा, मुलांचेही पाय दिसले पाहिजेत, त्यांना फोन लांब टेकवून ठेवायला सांगा. हा नाचाचा ताल आहे, खुर्चीत बसून तो अर्धाच शिकला जातो.

यानंतर मूळ रेकॉर्डिंग ऐकवा आणि एकच काम द्या, घंटा शोधा आणि तिच्याबरोबर टाळी धरा. पहिल्यांदा ऐकताना जो नुसता ढोलांचा कल्लोळ वाटला असता त्यात आता त्यांना वाट सापडते. पुढच्या वेळी तेच रेकॉर्डिंग, फक्त कान दुसऱ्या वाद्याकडे. एकच तुकडा परत परत आणि दर वेळी नवा प्रश्न, हे फार कामाचं आहे. अमेरिकेतल्या संगीतशिक्षणतज्ज्ञ पॅट्रिशिया शिहान कॅम्पबेल यांनी जगाचं संगीत शिकवायची जी पद्धत मांडली आहे तिचा पाया हाच, आधी लक्ष देऊन ऐकणं, मग ऐकता ऐकता सोबत काहीतरी करणं, मग ऐकून ऐकून हुबेहूब वाजवायचा प्रयत्न, आणि त्यानंतर स्वतः काही रचणं आणि त्या संगीतामागची माणसं समजून घेणं. ऑनलाइनमध्ये यातल्या पहिल्या तीन गोष्टी वर्गापेक्षाही चांगल्या होतात असं माझं मत आहे, कारण प्रत्येकाच्या कानावर हेडफोन असतो आणि शेजारचा दंगा नसतो.

कॅमेरा कुठे ठेवायचा

हे वाद्यावर अवलंबून आहे आणि वाद्य नीट माहीत असल्याशिवाय कळत नाही. म्बिरात दोन अंगठे वरून पट्ट्या दाबून छेडतात पण उजव्या हाताची तर्जनी खालून वर पट्टी उचलते, समोरच्या कॅमेऱ्यात ती दिसतच नाही आणि मुलं तीही पट्टी अंगठ्याने वाजवायला लागतात. शिवाय मूळ पद्धतीत वाद्य मोठ्या भोपळ्यात बसवून वाजवतात म्हणजे हात पूर्णच झाकले जातात. म्हणून शिकवताना भोपळा बाजूला, एक कॅमेरा वरून आणि दुसरा फोन उजवीकडून खालच्या बाजूने. तो दुसरा फोन त्याच मीटिंगमध्ये वेगळा माणूस म्हणून जोडायचा, पण त्याचा ऑडिओ जोडायचा नाही, नाहीतर शिट्ट्या सुरू.

शाकुहाचीला उलट चेहरा आणि ओठ जवळून दिसले पाहिजेत, हनुवटी किती वर किती खाली यावरच सूर हलतो. ढोलाला वरून हात. आणि खांद्यामागून घेतलेला व्हिडिओ जवळजवळ सगळ्याच वाद्यांना उपयोगी पडतो कारण डावंउजवं उलटं होत नाही, तेवढा एक व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून पाठवून ठेवा.

थर लावून वाद्यवृंद

एकत्र वाजवता येत नाही पण एकत्र वाजल्यासारखं करता येतं, आणि जाव्हाचं गामेलान, म्हणजे गाँग आणि धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यांचा वृंद, त्यासाठी बनवल्यासारखं आहे. 2021 मध्ये युनेस्कोने गामेलानला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यातला लांचारान हा छोटा आकृतिबंध घ्या, 16 मात्रांचा. केथुक, केनोंग आणि केंपुल ही त्यातली गाँगच्या जातीची वाद्यं. केथुक सगळ्या विषम मात्रांवर, केनोंग 4, 8, 12, 16 वर, केंपुल 6, 10, 14 वर आणि मोठा गाँग 16 वर. दुसऱ्या मात्रेला केंपुल मुद्दाम सोडलेला असतो. आपल्याकडच्या मुलांना समेची सवय असते, वजन पहिल्या मात्रेवर, इथे वजन शेवटच्या मात्रेवर येऊन पडतं, गाँग वाजला की वाक्य पूर्ण झालं. हे तोंडाने सांगून कळत नाही, 16 मोजत मोजत गाँगची वाट बघायला लावा, मग कळतं.

प्रत्येकाला एकएक वाद्य वाटून द्या. खरी वाद्यं नसणार हे धरूनच चाला, वेगवेगळ्या उंचीचे घुमणारे आवाज कशातूनही काढू दे. शिक्षकाने एक मार्गदर्शक ट्रॅक बनवायचा, सुरुवातीला चार मोकळ्या टाळ्या आणि मग मोजणी. मुलं हेडफोनमध्ये तो ऐकत स्वतःचा भाग दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करतात, पण सुरुवातीच्या चार टाळ्या स्वतःही ट्रॅकबरोबर वाजवतात. या टाळ्या विसरू देऊ नका, नंतर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक एकाखाली एक लावताना ध्वनिलहरीत टाळीचं टोक दिसतं आणि ते टोकाला टोक सरकवून जुळवलं की काम झालं, नाहीतर अंदाजाने सरकवत बसाल. ऑडॅसिटी फुकट आहे. मोठी मुलं असतील तर बँडलॅब किंवा साउंडट्रॅपमध्ये ब्राउझरवरच एकत्र थर लावू शकतात.

फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका म्हणावं, त्यात आवाज आवळला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवली की आहे तशी येते.

म्बिराची जोडीही अशीच शिकवता येते. एकजण कुशाउरा म्हणजे मुख्य भाग वाजवतो, दुसरा कुत्सिन्हिरा म्हणजे त्यात गुंफणारा. काही रचनांत दुसरा भाग जवळजवळ पहिल्यासारखाच असतो फक्त एका स्पंदाने मागे. एवढ्या बारीक अंतरावर सगळी वीण उभी असते म्हणजे कॉलवर दोघांनी वाजवणं तर सोडूनच द्या, पण शिक्षकाचा कुशाउरा रेकॉर्ड करून दिला तर मुलगा घरी त्यावर आपला भाग हवा तितक्या वेळा बसवू शकतो, आधी कमी वेगात मग मूळ वेगात. यूट्यूबवर किंवा ऑडॅसिटीत सूर न बदलता वेग कमी करता येतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

ट्यूनर अॅपवर विश्वास ठेवू नका

फोनवरचं ट्यूनर अॅप आणि कीबोर्ड दोन्ही सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसलेत. अरबी संगीतात आपल्या रागासारखे मकाम असतात, त्यातल्या रास्त मकाममधला तिसरा सूर शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मध्ये कुठेतरी असतो, ट्यूनर त्याला बेसूर म्हणून लाल दाखवणार. शिवाय तो नेमका कुठे हे इजिप्तमध्ये वेगळं आणि तुर्कस्तानात वेगळं, तुर्की पद्धतीत तो वरच्या बाजूला असतो. 1932 मध्ये कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती तिथेही सुरांची मापं हा वादाचा विषय होता. गामेलानमध्ये तर प्रत्येक संचाचं ट्यूनिंग वेगळं, एका संचाचं वाद्य दुसऱ्यात चालत नाही. बालीमध्ये वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित हलवून लावतात म्हणजे दोन्ही एकत्र वाजल्या की नाद थरथरतो.

म्हणून कीबोर्डवर या संगीताचे सूर वाजवून दाखवू नका. मूळ गायकाचं किंवा वादकाचं रेकॉर्डिंग घ्या, एक वाक्य कापा, ते फिरत ठेवा आणि मुलांना त्याच्याबरोबर गायला सांगा. सॉनिक व्हिज्युअलायझर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे त्यात सुराची रेघ डोळ्यांनी दिसते, मोठ्या विद्यार्थ्यांना गायकाची रेघ आणि स्वतःची रेघ शेजारी ठेवून बघायला दिली की चर्चा आपोआप सुरू होते. मोजमापच करायचं असेल तर सेंट हे माप शिकवा, सप्तकाचे 1200 भाग, अलेक्झांडर एलिसने 1885 मध्ये वेगवेगळ्या देशांच्या स्वरसप्तकांची तुलना करताना ते वापरलं होतं.

माणसं आणि परवानगी

दर आठवड्याला नवा देश असं करू नका. आठ आठवड्यांत आठ देश केले की शेवटी मुलांच्या हातात फक्त वाद्यांची नावं उरतात. दोन परंपरा घ्या, फार तर तीन, आणि खोल जा.

ऑनलाइनचा सगळ्यात मोठा फायदा हा की त्या परंपरेतला माणूस थेट वर्गात येऊ शकतो. त्याला बोलवा, मानधन द्या, आधी ठरवून द्या, वेळेतला फरक दोन्हीकडच्या घड्याळात लिहून पाठवा. तासाचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा आणि ते कुठे ठेवणार, किती दिवस ठेवणार हेही सांगा. आणि एक प्रश्न तासाच्या आधी जरूर विचारा: यातलं काय शिकवू नये? म्बिरा बिरा नावाच्या विधीत पूर्वजांच्या आत्म्यांना बोलवायला वाजवतात, त्यामुळे कुठल्या रचनेबद्दल काय बोलावं हे त्याच माणसाकडून कळलेलं बरं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांची काही गाणी ठराविक लोकांनीच ऐकायची असतात, आणि तिथल्या संग्रहांवर मृत व्यक्तींचे आवाज आणि नावं यात असू शकतात अशी सूचना दिलेली असते. सूचना दिसली तर मुलांनाही वाचून दाखवा, वगळून पुढे जाऊ नका.

रेकॉर्डिंगसाठी कुठल्याही अनोळखी चॅनेलवरचं उचलण्यापेक्षा संग्रहांकडे जा. स्मिथसोनियन फोकवेज हा मोझेस ॲश यांनी 1948 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा संग्रह, 1987 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेकडे आला, त्यांच्या साइटवर अल्बमसोबतच्या माहितीपुस्तिका फुकट मिळतात आणि शिक्षकांसाठी पाठही आहेत. आफ्रिकेसाठी ह्यू ट्रेसी यांनी 1954 मध्ये स्थापन केलेली इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक आहे. लोकसंगीत गोळा करणारे अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स यांची रेकॉर्डिंग्जही ऑनलाइन ऐकता येतात. माहितीपुस्तिकेत कोण वाजवतंय, कुठे, कधी हे लिहिलेलं असतं, ते नाव स्लाइडवर टाका. नुसतं आफ्रिकन ड्रम्स असं लिहू नका, माणसाचं नाव, समाजाचं नाव, नाचाचं नाव लिहा.

ज्यांचं नेट कमजोर आहे

त्यांच्यासाठी वेगळा वर्ग नको, आखणीच अशी करा की थेट तास चुकला तरी गाडी अडणार नाही. ऐकायचे तुकडे आधीच पाठवून ठेवा, 128 केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण एक एमबी होते म्हणजे दीडदोन मिनिटांचा तुकडा कोणालाही उतरवता येतो. थेट तासात व्हिडिओ बंद करून फक्त आवाज ठेवायची मुभा द्या.

गृहपाठ एक मिनिटाचा ठेवा. एक मिनिट घंटेचा नमुना पायांसकट, किंवा एक मिनिट केनोंग. उत्तर लिहून देण्यापेक्षा वाजवून द्या, मुलाचं रेकॉर्डिंग ऐका, विसाव्या सेकंदाला पाय पुढे पळतोय असं नेमकं सांगा आणि तेवढा तुकडा स्वतः वाजवून पाठवा, मग त्याला परत रेकॉर्ड करायला सांगा आणि दोन्ही ऐकून फरक त्यालाच सांगू दे. आणि सगळ्यांचे थर लावून जो वाद्यवृंद तयार होईल तो कुठे टाकायचा असेल तर मुलांची आणि पालकांची परवानगी आधी घ्या, आणि ज्या वादकाकडून शिकलात त्यालाही पाठवून विचारा, त्याने हो म्हटलं तरच टाका.